छोट्या डेअरीची साखळी टिकवायची कशी? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं दूध संकलन सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला आहे, दिवसाला साधारण १८०० लिटर, गाय जास्त म्हैस कमी. त्यातलं निम्मं दूध मोठ्या संघाला जातं आणि निम्म्याचं आम्ही पनीर, दही, तूप करतो. नवीन डेअरी टाकणारी पोरं सारखी फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मोठ्या प्लांटवाल्यांना यातलं अर्धं हास्यास्पद वाटेल, त्यांनी सोडून द्यावं.

सस्टेनेबल सप्लाय चेन म्हणजे नक्की काय? आम्ही तर १००० लिटरवाले.

कन्सल्टंट लोक याच्यावर चाळीस स्लाईड दाखवतात. माझ्या लेखी अर्थ एवढाच, की आज जो दूध घालतोय तो पाच वर्षांनी पण घालत असला पाहिजे, दूध वाटेत नासता कामा नये, आणि डेअरीच्या मागच्या ओढ्याला वास यायला नको. आता बघा, गाईला दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागतं, वर वीस-पंचवीस किलो ओला चारा, वाळकी वैरण, पेंड, आणि एवढं सगळं घालून ती १०-१२ लिटर देते. त्यातलं एक कॅन जरी आंबट झालं तरी त्याच्या मागचं पाणी, चारा, डिझेल, बाईमाणसाचं पहाटे चारचं उठणं सगळं गटारात गेलं. त्यामुळं सोलर वगैरे नंतर बघू, पहिलं नासाडी थांबवा.

नासाडी नेमकी कुठं होते?

गोठा ते चिलिंग या टप्प्यात. दूध सडातून येतं तेव्हा ३७-३८ डिग्री असतं आणि त्या गरमीत जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, उन्हाळ्यात तर विचारूच नका. धार काढल्यापासून दोन-तीन तासांत दूध ४ डिग्रीला आलं पाहिजे. आता हिशोब घाला, सहाला धार, साडेसहाला सेंटर, तिथं फॅट लावायला, म्हणजे दुधातली चरबी मोजायला, रांग, साडेसातला टेम्पो येणार तो सव्वाआठला येतो, वाटेत चार गावं, आणि बीएमसीत, म्हणजे दूध थंड करून ठेवायच्या मोठ्या टाकीत, दूध पडेपर्यंत दहा वाजले. चार तास गेले की! आणि मग लोक म्हणतात बीएमसी खराब आहे. बीएमसी काही शिळं दूध ताजं करत नाही, आहे तिथं थांबवतं फक्त.

आम्ही काय केलं, तर आधी मशीन घेतलंच नाही, टेम्पोची वेळ बदलली. लांबचं गाव आधी आणि जवळचं शेवटी असं उलटं फिरवलं, जेणेकरून कॅन उन्हात फिरायची वेळ कमी होते. कॅनवर ओलं पोतं टाकायचं, टेम्पोला ताडपत्री. खर्च काहीच नाही, आणि त्या उन्हाळ्यात एमबीआरटी टेस्टला, म्हणजे ती निळ्या रंगाची टेस्ट, जितका वेळ रंग टिकेल तितकं दूध चांगलं, फरक डोळ्यानं दिसला.

आणखी एक, प्लास्टिकची बरणी. तेलाची, रंगाची, कसलीही जुनी बरणी धुऊन त्यात दूध आणतात. तिच्या आतल्या ओरखड्यात जे बसलेलं असतं ते कितीही धुवा निघत नाही. आम्ही स्टीलच्या किटल्या हप्त्यावर दिल्या, दुधाच्या पगारातून थोडे थोडे कापून घेतले. कुरकुर झाली दोन महिने, मग गप्प.

टेम्पोचा खर्च कसा काढायचा?

लिटरमागे काढा, महिन्याचा काढून उपयोग नाही. समजा ६० किलोमीटरची फेरी आणि दूध ४०० लिटर, टेम्पो १५ चं अॅव्हरेज देतो, म्हणजे ४ लिटर डिझेल, ९० रुपये धरले तर ३६०, भागिले ४००, लिटरला ९० पैसे. तीच फेरी ३५ किलोमीटरची करून ६०० लिटर उचललं तर ३५ पैशात बसतं. हे फक्त डिझेल झालं, ड्रायव्हर, टायर वेगळे. या ५५ पैशासाठी आपण शेतकऱ्याशी फॅटच्या पॉइंटवर भांडत बसतो आणि टेम्पो मात्र कुणाच्या तरी मेहुण्याचा आहे म्हणून चुकीच्या रस्त्यानं फिरतोय तो फिरतोच. दोन डेअरीवाल्यांनी मिळून एक टेम्पो लावायची कल्पना चांगली आहे पण गावात जमत नाही, आम्ही करून बघितलं, तीन महिन्यात कॅन कुणाचं आधी उतरवायचं यावर फिसकटलं.

बीएमसीचं लाईट बिल फार येतं. सोलर बसवावं का?

आधी कंडेन्सर धुवा. खरंच सांगतो. ५०० लिटर दूध ३५ वरून ४ डिग्रीला आणायला कॉम्प्रेसर नीट असेल तर साधारण ७-८ युनिट लागायला पाहिजेत. तुमचं मीटर १२-१४ दाखवत असेल तर जाळीत भुश्श्याची धूळ बसलीय, नाहीतर गॅस कमी आहे, नाहीतर बीएमसी पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या उन्हात ठेवलाय. हे तिन्ही आमच्याकडं होतं!

सोलरमध्ये पण पहिला नंबर छतावरच्या गरम पाण्याचा. कॅन धुवायला, सीआयपीला म्हणजे मशीन न खोलता आतून धुवायला, बॉयलरला आत जाणारं पाणी ६० डिग्रीला तयार मिळतं, लाकूड कमी जळतं आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. विजेचं सोलर चांगलंच आहे पण संध्याकाळचं दूध येतं तेव्हा सूर्य मावळलेला असतो, हे विकणारा सांगत नाही. नेट मीटरिंग, म्हणजे दिवसा जास्तीची वीज लाईनला देऊन ती बिलात वळती करून घेणं, मिळत असेल तरच गणित नीट बसतं, किंवा मग दिवसा बर्फ जमवून ठेवणारी आइस बँक पाहिजे.

जनरेटर मात्र पाहिजेच आणि तो चालू आहे का ते दर आठवड्याला बघायला पाहिजे. एका मे महिन्यात आमची लाईट रात्री अकराला गेली, जेनी लावायला गेलो तर बॅटरी मेलेली. सकाळी ६०० लिटर दूध उकळून बघितलं तर फुटलं. तेव्हा एकानं सल्ला दिला की थोडा सोडा मारा, संघाच्या टेस्टला पास होईल. पास झालं पण असतं कदाचित. पण ती सरळ भेसळ आहे, आणि ज्या दिवशी सापडते त्या दिवशी तुमच्या मागच्या दीडशे घरांचं दूध बंद होतं. शेतात चर खणून ओतलं सगळं, तोटा स्वतःवर घेतला, उत्पादकांचं बिल कापलं नाही. त्यानंतर दर सोमवारी जेनी १० मिनिटं चालवायची आणि वहीत सही करायची असा नियम आहे, सही माझी नाही, आईची.

उत्पादक टिकत नाहीत. कृश काळात, म्हणजे दूध कमी असतं तेव्हा, दुसरा ५० पैसे जास्त देतो की निघाले.

हा खरा प्रश्न आहे आणि याला एक उत्तर नाही.

पुष्टकाळात, म्हणजे थंडीच्या आसपास, दूध उतू जातं. म्हशी पावसाळ्याच्या शेवटी वितात, चारा हिरवा असतो, आणि पावडर-बटरचा भाव पडला असेल तर मोठे खरेदीदार गाईच्या दुधाचा दर पाडतात. उन्हाळ्यात उलटं, दूध आटतं आणि ताक, लस्सी, आइस्क्रीमची मागणी वाढते, मग तेच लोक गावात येऊन जास्त दर देतात. छोटा माणूस दोन्हीकडं मार खातो. आम्ही दराच्या शर्यतीत उतरत नाही कारण हरणारच. त्याऐवजी तीन गोष्टी पाळल्या. दहा दिवसाचा पगार म्हणजे दहा दिवसाचा, १, ११ आणि २१ तारखेला खात्यावर, सण असो नाहीतर माझ्याकडं पैसे नसोत. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) समोर लावायचं आणि स्लिप हातात द्यायची, आणि मशीनवर शंका असेल तर महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर गर्बर, म्हणजे फॅट मोजायची हातानं करायची टेस्ट, लावायचं, १० मिली अॅसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, फिरवायचं आणि रीडिंग वाचायचं. जुनी पद्धत आहे, पण म्हाताऱ्यांचा विश्वास त्याच्यावरच आहे. तिसरं, पुष्टकाळात कुणाचं दूध परत पाठवायचं नाही. मोठ्यानं 'दुधाला सुट्टी' दिली तरी आम्ही घेतो, तूप करतो, कमी दरानं का होईना पण घेतो.

एका आक्काला शेजारच्या सेंटरवाल्यानं दीड रुपया जास्त सांगितला होता. ती गेली नाही, का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्येनं मागल्या दिवाळीत दूध माघारी लावलं हुतं." झालं, यापेक्षा जास्त मॅनेजमेंट मला येत नाही.

सरकारी अनुदानावर गणित बसवावं का?

नाही. २०२४ मध्ये राज्यानं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये दिले, चांगलं झालं, पण त्यासाठी ३.५ फॅट ८.५ एसएनएफ, गाईच्या कानात १२ अंकी टॅग, ऑनलाईन नोंद, बँक खातं हे सगळं लागलं, आणि ज्यांची नोंद नीट नव्हती ते बसले ऑफिसच्या पायऱ्यांवर. म्हणून टॅगिंग आणि नोंदी करून ठेवा, अनुदान येवो न येवो. लसीकरण आणि विमा पण त्याच टॅगवर चालतो, आणि २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा नुकसानभरपाईला आधी कागदच मागितले होते. मशिनरीसाठी पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख असं अनुदान आहे, कर्जाशी जोडलेलं. सध्या अर्ज चालू आहेत का ते तालुका कृषी कार्यालयात जाऊनच विचारा.

चाऱ्याचा आणि डेअरीचा काय संबंध? तो शेतकऱ्याचा विषय आहे ना?

इथंच सगळे चुकतात. तुमचा कच्चा माल चाराच आहे हो, दूध नंतर.

आमचा भाग दुष्काळी. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तिथं बरं आहे, बाकी ठिकाणी उन्हाळ्यात वैरण कराड-वाळव्याच्या बाजूनं ट्रॉलीनं येते, आणि त्यात जास्त करून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, मग गाय उलटते म्हणजे गाभण राहत नाही, व्याल्यानंतर बसते, दूध पातळ, एसएनएफ खाली. शेतकऱ्याला वाटतं डेअरीवाला पॉइंट मारतोय आणि डेअरीवाल्याला वाटतं यानं पाणी घातलंय! वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून घाला, सोबत मिनरल मिक्श्चर द्या, आणि नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. एवढं सांगितलं तरी वर्षभरातली निम्मी भांडणं कमी होतात.

दुसरा उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. मका दाणे चिकात असताना कापायचा, दोन सेंटिमीटरच्या आसपास कुट्टी, दाबून दाबून हवा काढायची, पिशवी बंद, आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. एकरात १५-२० टन ओला मका निघतो. आम्ही डेअरीतर्फे कुट्टी मशीन घेतलं आणि गावागावात फिरवतो, भाडं पगारातून. पुष्टकाळात मका स्वस्त असताना भरलेली पिशवी एप्रिलमध्ये उघडली की दूध तेवढं पडत नाही, आणि ट्रॉलीचं डिझेल वाचलं ते वेगळंच. वरचा बुरशी धरलेला थर मात्र फेकून द्या, "जनावर खातंय की" म्हणून घालू नका.

बुरशीनं एवढं काय होतं?

अफ्लाटॉक्सिन. भिजलेली सरकी पेंड, काळा पडलेला मका, शेंगपेंड यातून गाईच्या पोटात जातं आणि त्याचा एम-१ प्रकार दुधात उतरतो. कायद्यानं मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे नसल्यातच जमा, आणि दूध उकळून किंवा पाश्चराईज करून ते जात नाही. एकदा दुधात आलं की डेअरीत काहीच करता येत नाही, जे करायचं ते पेंडीच्या गोदामात. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका, पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नको.

आमच्या दह्याला विरजण लागत नाही कधी कधी. कल्चर खराब आहे का?

असू शकतं, पण आधी कुणाच्या गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झालीय ते विचारा. सडात ट्यूब सोडली किंवा अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं की ते दुधात उतरतं आणि विरजणाचे जंतू मरतात. औषधाच्या पाकिटावर किती दिवस दूध घालायचं नाही ते लिहिलेलं असतं, बऱ्याच ट्यूबांना तीन दिवस, काहींना जास्त. ते दूध बाजूला काढायला सांगा आणि त्या दिवसांचे थोडे पैसे द्या. हो, पैसे द्या. नाहीतर तो सांगणारच नाही आणि तुमचं ४०० लिटर दही पाणी होईल. आम्ही दिवसाला ठराविक रक्कम देतो, लोक हसले आम्हाला, पण तेव्हापासून फोन येतात, "दादा आज माझं दूध धरू नका."

पनीरचं पाणी कुठं टाकायचं?

ओढ्यात तर अजिबात नाही. १०० लिटर म्हशीच्या दुधाचं वीसेक किलो पनीर निघतं आणि उरलेलं जवळजवळ ८० लिटर व्हे. दिसायला पिवळसर पाणी, पण त्याचा बीओडी, म्हणजे कुजताना ते किती प्राणवायू ओढतं ते माप, लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो आणि घरातल्या सांडपाण्याचा दोनशे-तीनशे, म्हणजे तुमचं एक टिपाड शंभर टिपाडं गटाराइतकं पाण्यातला प्राणवायू खातं. मासे मरतात, विहिरीला वास येतो, मग प्रदूषण मंडळाची नोटीस, मग आपण पुढाऱ्याकडं पळायचं.

थोडं व्हे आंबवून दुसऱ्या दिवशी दूध फाडायला वापरा, सायट्रिक अॅसिड वाचतं. थोडं जनावरांना पाजा, हळूहळू सवय लावून, ताजंच. पाच-सहा लिटरपासून सुरू करा. बाकीचं शेणाबरोबर गोबरगॅसमध्ये, गॅस चांगला वाढतो, फक्त एकदम ओतू नका नाहीतर प्लांट आंबट होऊन बंद पडतो. आमचा पहिल्या महिन्यात पडला होता. व्हे प्रोटीनची पावडर करू का असं विचारणारे पण आहेत, त्यांना एवढंच सांगतो की त्या मशीनच्या किमतीत तुमची अख्खी डेअरी येईल.

गोबरगॅस परवडतो का?

२५ किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस. चार-पाच जनावरांच्या शेणावर २ घनमीटरचा प्लांट चालतो आणि घरचा स्वयंपाक निघतो. डेअरीच्या बॉयलरला तेवढ्यानं काही होत नाही. पण उत्पादकांच्या घरी बसवा, स्लरी शेतात जाते, त्याच्यावर मका, नेपियर गवत येतं. कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे कमी झालेल्या प्रदूषणाचे पैसे देतो म्हणणारे, फिरत असतात हल्ली, कागद नीट वाचून, खतावरचा आणि स्लरीवरचा हक्क कुणाचा ते बघून मग सही करा.

पिशवी की काचेची बाटली?

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली पण अट घातली ५० मायक्रॉनच्या वरची पाहिजे आणि परत घ्यायची, ५० पैसे देऊन. ते परत घ्यायचं प्रकरण कागदावरच राहिलं. तुमचं गिऱ्हाईक दहा किलोमीटरच्या आत असेल, रतीब असेल, तर स्टीलच्या कॅनमधून माप घालणं अजून पण सगळ्यात स्वच्छ आणि स्वस्त आहे. काचेची बाटली दिसते छान, पण ती जड, फुटते, धुवायला गरम पाणी आणि कॉस्टिक लागतं, आणि ती लांब पाठवली तर डिझेलमध्ये सगळं गेलं. पिशवीच वापरत असाल तर लोकांना एक सांगा, कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा. तो छोटा तुकडा कुणीच गोळा करत नाही. दह्यासाठी आम्ही जवळच्या कुंभाराकडून मडकी घेतो, जास्त खपतात पण.

ए२, ऑरगॅनिक असं लिहून जास्त भाव घ्यावा का?

ऑरगॅनिकला सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय लिहू नका. ए२ (दुधातल्या एका प्रकारच्या प्रथिनाचं नाव, देशी गाईच्या दुधाला लावतात) बद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं, आधी सांगितलं की असले दावे काढा आणि मग पाच-सहा दिवसात ते पत्रच मागं घेतलं, त्यामुळं लेबल छापणाऱ्यांचं डोकं फिरलं. आम्ही पाकिटावर गावाचं नाव आणि धार काढल्याची तारीख लिहितो. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तेच आवडतं.

पुण्या-मुंबईला थेट पाठवावं का मग?

दूध नको. कराडवरूनच पुणं १६० किलोमीटर, ५०० लिटरसाठी थंड गाडी रोज पाठवणं म्हणजे दुधापेक्षा गाडी महाग. तूप पाठवा, त्याला फ्रीज लागत नाही. पनीर आठवड्यातून दोनदा, बर्फात, एसटीच्या पार्सलनं नाहीतर ओळखीच्या गाडीनं जातं. दूध जवळच विका, तालुक्याच्या गावात हॉटेलं, मेस, होस्टेल किती आहेत ते कधी मोजलंय का? आम्ही मोजली तेव्हा ४०० लिटरचं गिऱ्हाईक चार किलोमीटरच्या आत निघालं, आणि आम्ही दोन वर्षं ते दूध संघाला घालत होतो.

सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या. धार किती वाजता, सेंटरला किती, बीएमसीत किती, तेव्हा दूध किती डिग्री, एवढंच पंधरा दिवस लिहा, रोज, दोन्ही वेळा. मग फोन करा. वही नसेल तर संध्याकाळी सहा ते आठ फोन करू नका, फॅट लावत असतो.